अम्मानचे मैदान आणि घरची जिवती

वडिलोपार्जित इस्टेट म्हणून माझ्या वाट्याला फारसे काही आले नाही. कराडजवळच्या खेड्यातले दोन खणांचे घर, पितळेची एक मोठी परात आणि कुस्तीचे वेड, एवढीच काय ती आमची दौलत. घर पुढे पावसाने पडले, परात थोरल्या बहिणीकडे गेली आणि वेड मात्र अखंड माझ्याकडे आले. तीस-बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पण पानिपतच्या लढाईचा धडा शिकवतानाही, कोल्हापुरात त्या दिवशी खासबागेत मैदान असले की, माझे अर्धे चित्त हलगीकडे लागलेले असे. मुले चलाख. ती नेमक्या अशाच दिवशी विचारायची, "सर, आज तास पुरा घेणार का?"

ते वेड वयाबरोबर ओसरेल अशी घरच्यांची आशा होती. ती फोल ठरली. उलट पूर्वी गावच्या जत्रेपर्यंत आणि फार तर सांगली-मिरजेपर्यंत धावणारे हे वेड म्हातारपणी समुद्रापलीकडे पोहोचले. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मी सात दिवस अम्मान शहरी मुक्कामाला होतो, असे म्हटले तरी चालेल. देह कोल्हापुरात, जेवण वेळेवर, औषधाच्या गोळ्या वेळेवर. पण जीव मात्र जॉर्डन देशाच्या त्या राजधानीत. तेथे वीस वर्षांखालील मुलामुलींच्या जागतिक कुस्ती स्पर्धा चालल्या होत्या. त्या सात दिवसांची ही हकीकत. पण आमच्या धंद्याची खोड अशी की, हकीकत सांगायची तर आधी इतिहास सांगावा लागतो. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

*

ज्याला आज जग 'फ्री स्टाइल' म्हणते, ती कुस्ती आपल्या कुस्तीची लांबची चुलतबहीण. तिचे माहेर इंग्लंडातला लँकेशायर परगणा. तेथले कामकरी लोक जी मोकळी कुस्ती खेळत, जीत हाताला सापडेल ते अंग पकडावे, पाय ओढावा, टांग मारावी असा रिवाज होता, तिच्यावरून हा प्रकार वाढला. दुसरी ग्रीको-रोमन. तीत कमरेखाली हात लावायचा नाही की पायाचा डाव टाकायचा नाही. आपल्याकडच्या पैलवानाला 'पट काढू नकोस' असे सांगणे म्हणजे सुग्रणीला 'फोडणी देऊ नकोस' असे सांगण्यासारखे आहे. म्हणून आपली माणसे पहिल्यापासून फ्री स्टाइलच्या वाटेने गेली, यात नवल नाही.

ऑलिंपिकमध्ये ही मोकळी कुस्ती प्रथम आली ती १९०४ साली, अमेरिकेतल्या सेंट लुईस गावी. पण त्या मैदानाची मौज अशी की, उतरलेले सारे मल्ल अमेरिकेचेच होते! आपल्या गावजत्रेत आपल्याच गावच्या पठ्ठ्यांनी आपसांत कुस्त्या कराव्यात आणि सारी इनामे घरी न्यावीत, तसा तो प्रकार. १९०८ साली लंडनला मात्र खरी परदेशी जोड पडू लागली. पुढे १९१२ साली कुस्तीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज 'युनायटेड वर्ल्ड रेसलिंग' या नावाने जगभरच्या स्पर्धा भरवते.

योगायोग पाहा. त्याच १९१२ साली आमच्या कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधून पुरे झाले. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले होते. तसे गोल मैदान आपल्या रयतेसाठी असावे असे त्यांनी मनात धरले आणि दहा वर्षांत करून दाखवले. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार उतरती बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. 'कुस्ती दिसतेच' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. ते कोणाला दिसत होते आणि कोणाला नव्हते, हे पुढे येईल.

मातीतून ऑलिंपिकला जाण्याची वाट मराठी माणसाने फार लवकर धरली. १९२० साली अँटवर्पला जो छोटा भारतीय संघ गेला, त्यात नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातली हालचाल आणि सर दोराबजी टाटांचे पाठबळ यांतून तो संघ उभा राहिला होता. शिंदे यांचा फेदरवेट गटात चौथा क्रमांक आला. पदकापासून एका पायरीवर ते थांबले. ती एक पायरी चढायला आपल्याला आणखी बत्तीस वर्षे लागली.

*

ती पायरी चढला कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव. खाशाबांविषयी मराठी वाचकांना नवे काय सांगावे? पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. १९४८ साली ते लंडनला गेले तेव्हा मातीतल्या पैलवानाला गादीची सवय नव्हती. माती पाय धरून ठेवते, तर गादी पाय उडवते. मातीत दम खाऊन, खडाखडी करून जोड अजमावता येते, तर गादीवर घड्याळ उभे असते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी त्या नव्या खेळाचा अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या पेशातला माणूस म्हणून मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि जरा लाजही वाटते. कारण विद्यार्थ्यासाठी मी कधी घड्याळसुद्धा गहाण टाकले नाही.

हेलसिंकीला बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी त्यांची मोठी झुंज झाली, ती गेली. आणि ते दमलेले असतानाच पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले, असे सांगतात. तरीही कांस्यपदक पदरात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे यांचेही पदक थोडक्यात हुकले होते.

आमचे वडील त्या वर्षी कराडच्या मिरवणुकीत होते. शंभरावर बैलगाड्या जुंपल्या होत्या म्हणतात. त्यांतल्या एका गाडीच्या चाकामागून आपण चालत होतो, असे वडील आयुष्यभर सांगत आले. परंतु प्रत्यक्ष हेलसिंकीची कुस्ती त्यांनी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. बातमी आली ती दिवसांनी, वर्तमानपत्राच्या चार ओळींत. त्या चार ओळींवरून वडील मला सबंध कुस्ती करून दाखवीत. अंगणात इशी मीच व्हायचा, आणि खाशाबा अर्थातच वडील. त्यामुळे आमच्या अंगणात खाशाबा कधी हरले नाहीत.

चाहत्याचे जिणे असे असते. त्याला जेवढे कमी दिसते, तेवढा तो अधिक पाहतो.

*

आता अम्मानकडे वळतो. मोठ्या मल्लांच्या स्पर्धा सर्वांना ठाऊक असतात. पोरांच्या स्पर्धांकडे फारसे कोणी पाहत नाही. माझे मत उलटे आहे. ज्याला आंब्याची पारख करायची आहे त्याने मोहोर पाहावा. आंतरराष्ट्रीय संघटनेने वयाचे टप्पे केले आहेत: सतरा वर्षांखालील, वीस वर्षांखालील, तेवीस वर्षांखालील, आणि मग खुले मैदान. वीस वर्षांखालच्या स्पर्धेत मुलांची फ्री स्टाइल, ग्रीको-रोमन आणि मुलींची कुस्ती अशा तीन शाखा. प्रत्येकीत दहा वजनगट. म्हणजे सात दिवसांत तीस जगज्जेते ठरायचे. मुलींची कुस्तीही फ्री स्टाइलच्याच नियमांनी चालते.

या मोहोरातूनच पुढे फळे आली, हे इतिहास सांगतो. २००१ साली रमेश कुमार आणि पलविंदर सिंग चीमा या दोघांनी वीस वर्षांखालच्या गटात जगज्जेतेपद आणले. त्यांतल्या रमेशने २००९ साली खुल्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०१५ साली याच वयोगटात रौप्यपदक मिळवणारा रवी दहिया पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकाचा मानकरी झाला. पण सुवर्णपदकाचे म्हणाल, तर २००१ नंतर तब्बल अठरा वर्षे वाट पाहावी लागली. २०१९ साली एस्टोनियातल्या टॅलिन शहरी दीपक पुनियाने ते आणले, तेही दोन-दोन गुणांची बरोबरी असताना. शेवटचा गुण ज्याचा, त्याची कुस्ती, या नियमाने. मातीतल्या माणसाला हा नियम पचत नाही. आमच्याकडे बरोबरी म्हणजे बरोबरी. दोघांचे हात वर करून पंच मोकळे. मैदानाबाहेर पडताना लोक भांडायला मोकळे.

गादीवर मात्र बरोबरी नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. जोडीदाराला वर्तुळाबाहेर काढले तर एक गुण. खाली आणून मागून ताबा घेतला तर दोन. पाठ गादीकडे वळवली तर दोन. उभ्याने उचलून थेट पाठीवर आणले तर चार, आणि तो डाव उंच, डौलदार असला तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. आणि दोन्ही खांदे गादीला टेकले, म्हणजे आपल्या भाषेत आस्मान दिसले, तर सगळे गुण रद्दी. चीतपट ती चीतपट. हा एक नियम मात्र लँकेशायर, सेंट लुईस आणि खासबाग येथे सारखाच आहे, आणि त्याच्याच आधाराने माझ्यासारखा मातीतला प्रेक्षक गादीवर तग धरून आहे.

हे सारे मला शिकवले ते माझ्या अकरा वर्षांच्या नातीने. कारण सामने दिसायचे ते तिच्या आईच्या संगणकावर, आणि त्या यंत्राला माझे बोट लागले की ते रुसते. चित्र मधेच थांबे. मग नुसते आकडे पुढे सरकत: लाल चार, निळा दोन; लाल चार, निळा चार. चार ओळींच्या बातमीवरून वडील सबंध कुस्ती रचत, तशी मी त्या आकड्यांवरून रचू लागलो. "हा बघ, आता पट काढला असेल. आता भारंदाज." चित्र पुन्हा सुरू झाले की नात म्हणे, "आजोबा, तसं काही नाही झालं. तो नुसता बाहेर गेला."

पहिले दिवस मुलांच्या फ्री स्टाइलचे. एकसष्ट किलो गटाच्या अंतिम कुस्तीत आपला मोहित कुमार शून्य-सहा असा मागे पडला. समोर रशियाचा अखमदुदिनोव. पण त्या वर्षी रशियाच्या मल्लांना आपले निशाण लावता येत नव्हते, ते तटस्थ म्हणून खेळत होते. सहा गुणांनी मागे म्हणजे चार शेर वजनाची परात डोक्यावर घेऊन घाट चढण्यासारखे. मी चष्मा काढून ठेवला. आमच्या घरी हरणारी कुस्ती पाहायची नाही असा रिवाज आहे. नात ओरडत राहिली, "दोन! आणखी दोन!" आणि शेवटी आकडा उभा राहिला, नऊ-आठ. मोहित जगज्जेता. रमेश, पलविंदर आणि दीपक यांच्यानंतर या वयोगटातल्या फ्री स्टाइलचा हा आपला चौथा.

आनंद ओसरल्यावर नातीने विचारले, "आजोबा, त्या हरलेल्या मुलाच्या नावापुढे झेंडा का नाही?" मी म्हणालो, "मोठ्यांची भांडणं, बाळ. पोरं भोगतात." त्या वेळी हे वाक्य मी दुसऱ्याच्या घरचे दुःख म्हणून सहज बोलून गेलो.

*

आता मुलींची पाळी होती. आणि माझे खरे लक्ष लागले होते त्रेपन्न किलोच्या गटाकडे. त्या गटात हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या भगाणा गावची अंतिम पंघाल होती.

तिच्या नावाची गोष्ट आता देशाला माहीत आहे. घरात मुलींवर मुली झाल्या, ही चौथी. आता मुलगी नको, ही शेवटची असो, म्हणून नाव ठेवले अंतिम. आपल्याकडच्या वाचकांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या गावोगावच्या शाळांच्या हजेरीपटांत मी स्वतः कितीतरी 'नकोशी' वाचल्या आहेत. हजेरी घेताना ते नाव मोठ्याने उच्चारायचे, आणि त्या पोरीने 'हजर' म्हणायचे. मी बत्तीस वर्षांत एकदाही ते नाव बदलून घ्या असे कोणाच्या बापाला सांगितले नाही.

त्या अंतिमला तिच्या बापाने कुस्तीला घातले, आणि २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे ती वीस वर्षांखालच्या गटाची जगज्जेती झाली. अंतिम कुस्ती आठ-शून्य. या वयोगटात असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय मुलगी. जिला 'शेवटची' म्हणून नाव दिले, ती पहिली निघाली.

या पराक्रमाची किंमत कळावी म्हणून मुलींच्या कुस्तीचा इतिहासही दोन ओळींत सांगतो. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली. ऑलिंपिकमध्ये त्यांना दार उघडले ते २००४ साली, अथेन्सला. म्हणजे पुरुषांच्या फ्री स्टाइलनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आपल्याकडे हरियाणातल्या बलाली गावच्या महावीर फोगाट यांनी आपल्या मुलींना मातीत उतरवले. गीताने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक आणले. आणि महाराष्ट्र? 'महाराष्ट्र केसरी'ची गदा १९६१ पासून पुरुषांच्या खांद्यावर फिरते आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीला, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. खाशाबांच्या मुलखात मुलीच्या खांद्यावर गदा यायला एवढा काळ लागला.

*

अम्मानच्या आधीचे सात महिने भारतीय कुस्तीला फार वाईट गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये, आणि पुन्हा एप्रिलपासून, देशातले नामांकित मल्ल दिल्लीला जंतर मंतरवर धरणे धरून बसले. राष्ट्रीय महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले. मे महिन्यात पदकविजेत्या मुलींना रस्त्यावरून उचलून नेताना सगळ्या देशाने पाहिले. महासंघाचा कारभार तात्पुरत्या समितीकडे गेला आणि निवडणूक पुढे पुढे ढकलली जाऊ लागली.

त्यातच आणखी एक गाठ पडली. आशियाई स्पर्धेसाठी त्रेपन्न किलो गटात विनेश फोगाटला निवड-चाचणीतून सूट मिळाली. अंतिम म्हणाली, चाचणी सर्वांचीच घ्या. आणि ती उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. आमच्या घरात यावरून दोन तट पडले. विनेश धरण्यात पुढे उभी राहिलेली, आपल्या बहिणींसाठी अंग झिजवलेली. आणि अंतिम धाकटी, चाचणीचा हक्क मागणारी. माझी लेक विनेशच्या बाजूची, नात अंतिमच्या. मला विचारले तर मी पंचासारखा दोघींचे हात वर करीत होतो. गादीवर मात्र बरोबरी नसते, हे मी वर सांगितलेच आहे.

१५ ऑगस्टला बातमी आली: सरावात गुडघा दुखावल्यामुळे विनेश आशियाई स्पर्धेतून बाहेर. राखीव म्हणून अंतिमचे नाव होतेच. तिला जागा मिळणार हे उघड झाले. लेकीचे डोळे भरून आले. नातही गप्प झाली. जिंकायचे होते ते असे नव्हे, हे अकरा वर्षांच्या पोरीलाही समजत होते. आता अंतिमपुढे एकच मार्ग उरला होता. मिळालेली जागा आपलीच होती, हे गादीवर दाखवून द्यायचे.

*

१८ ऑगस्ट २०२३. शुक्रवार. अधिक मास आदल्या बुधवारी संपला होता. निज श्रावणातला हा पहिला शुक्रवार, म्हणजे जिवतीचा. आमच्या सौभाग्यवतीने भिंतीवर जिवतीचा कागद लावला होता, त्याला आघाडा-दुर्वांची माळ, पुरणाचा नैवेद्य, चणे-गूळ, सारे यथासांग. लेक सवाष्ण म्हणून जेवायला आली होती. जिवती ही लेकरांची देवता. तिन्हीसांजेला पुरणाचे दिवे करून घरातल्या मुलांना ओवाळायचे, आणि जी मुले घरापासून दूर असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या, हा आपला जुना आचार.

रात्री आम्ही सारे त्या पडद्यापुढे बसलो. आदल्या दिवशी शहात्तर किलोत प्रिया मलिकने जर्मन मुलीला हरवून सुवर्ण घेतले होते. आता अंतिमसमोर युक्रेनची येफ्रेमोवा उभी होती. तिच्या देशात लढाई पेटलेली. ती पोर कोणत्या परिस्थितीत सराव करून आली असेल, देव जाणे. दोघींनी सलामी दिली. अंतिमची कुस्ती मला आवडते ती तिच्या पायांमुळे. ती धसमुसळी नाही. उंबऱ्याशी मांजर बसावे तशी वाकून बसते, आणि समोरचीचा पाय पुढे आला की तिचा हात आधीच तेथे असतो. त्या रात्री तिने समोरचीला एकही गुण दिला नाही. चार-शून्य. सलग दुसऱ्या वर्षी जगज्जेती; वीस वर्षांखालच्या गटात दोनदा जिंकणारी पहिली भारतीय मुलगी.

त्याच रात्री बासष्ट किलोत सविताने व्हेनेझुएलाच्या मुलीला हरवून तिसरे सुवर्ण आणले. पासष्ट किलोत दुसरी एक अंतिम, अंतिम कुंडू, रौप्य घेऊन गेली. म्हणजे 'शेवटच्या' मुली हरियाणात एकापेक्षा अधिक आहेत, हेही कळले. रीना, आरजू आणि हर्षिता यांची कांस्ये मिळून सात पदके झाली, आणि मुलींचे सांघिक विजेतेपद भारताला प्रथमच मिळाले. ज्यांच्या थोरल्या बहिणी तीन महिन्यांपूर्वी रस्त्यावर बसल्या होत्या, त्या धाकट्यांनी हे केले.

राष्ट्रगीत वाजले. आम्ही उभे राहिलो. खाली बसताना माझी लेक सहज म्हणाली, "आण्णा, तुम्ही मला खासबागेत कधी नेलं नाहीत."

सहजच म्हणाली; रागाने नाही. मी काहीतरी पुटपुटलो, की तेव्हा बायका मैदानात येत नसत, गर्दी फार, शिट्या फार. सगळे खरे होते. परंतु माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला खांद्यावर बसवून मैदानात नेत होतो, आणि आठ वर्षांची ही लेक दारात उभी राहून आम्हाला जाताना पाहत होती, हेही खरेच होते. परतल्यावर ती विचारायची, "कोण जिंकलं?" आणि मी अंगणात तिला कुस्ती करून दाखवीत असे. माझ्या वडिलांनी हेलसिंकी जशी मला दाखवली, तशी. फरक इतकाच की, हेलसिंकी हजारो कोस दूर होती आणि खासबाग आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. पण आधी बसू तर द्यायला हवे!

*

तीन दिवसांनी, २१ ऑगस्टला, नागपंचमी होती. नात, लेक आणि मी असे तिघे एका तालमीत गेलो. तेथे आता सकाळी मुलींचाही सराव चालतो. वस्तादांनी मातीला नमस्कार करायला सांगितला. नात वाकली, आणि तिच्यामागून माझी त्रेचाळीस वर्षांची लेकही वाकली.

हकीकत येथे संपली असती तर बरे झाले असते. पण निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून २३ ऑगस्टला, म्हणजे अंतिमच्या सुवर्णपदकाला आठवडाही झाला नव्हता तोच, आंतरराष्ट्रीय संघटनेने आपला महासंघ निलंबित केला. सप्टेंबरात बेलग्रेडला खुली जागतिक स्पर्धा झाली. अंतिमने पहिल्याच कुस्तीत आदल्या वर्षीच्या अमेरिकन जगज्जेतीला हरवले, पुढे कांस्यपदक मिळवले आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी देशाची जागा पक्की केली. परंतु तिच्या नावापुढे तिरंगा नव्हता; आंतरराष्ट्रीय संघटनेचे निशाण होते. नातीने माझ्याकडे पाहिले. "मोठ्यांची भांडणं" हे माझे वाक्य तिने मला परत ऐकवले नाही. ऐकवले असते तर बरे झाले असते.

निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठले. त्या वर्षी ऑगस्टात, त्याच अम्मान शहरी, सतरा वर्षांखालच्या मुलींनी सांघिक विजेतेपद आणले, या खेपेस तिरंग्यासह. त्याच महिन्यात पॅरिसला विनेश शंभर ग्रॅम वजनापायी अंतिम लढतीबाहेर गेली, आणि अंतिम पहिल्याच कुस्तीत हरली. चाहत्याला अशी वर्षेही काढावी लागतात. २०२५ साली झाग्रेबला अंतिमने पुन्हा जागतिक कांस्यपदक घेतले, तेव्हा आमच्या घरी पुन्हा पुरण शिजले.

आता एक शेवटचे सांगतो आणि आवरतो. त्या जिवतीच्या शुक्रवारी, तिन्हीसांजेला ओवाळून झाल्यावर, आमच्या सौभाग्यवतीने रीतीप्रमाणे अक्षता टाकल्या. पूर्वेला एक चिमूट, दक्षिणेला एक, उत्तरेला एक. पश्चिमेला मात्र मूठभर. मी विचारले, "तिकडे आपलं कोण आहे?" आमचा मुलगा तर पूर्वेला, नागपूरला.

ती म्हणाली, "त्या पोरी नाहीत का? कुणाची तरी शेवटची, कुणाची नकोशी. आज त्यांच्या आया तिथं आहेत थोड्याच!"

गेली पन्नास वर्षे या बाईला कुस्तीतले काही कळत नाही, असा माझा समज होता.